ठमीची पाठ आणि मामाचे बूट

…आणि परत तेलच! नाही, तुम्हाला सांगते, मामाच्या तबेल्यात ज्याला त्याला ठमीची पाठच दिसायची! ठमी म्हणजे मामाची घोडी. खोगीर ठेवलं की कान मागे, शेपटी फटाफट! मामी म्हणायची, "नखरे मेले!" मामा म्हणायचा, "खोगीर टोचतंय." नवं आणलं, तेच! खाली जाड घोंगडी घातली, तेच! मग तेल चोळलं… इतकं, की माशी बसली तरी घसरायची!

अहो, पण पाय बघा ना कुणीतरी!

हे मनातल्या मनात हं. मी तोंड उघडेपर्यंत बाकीच्यांचं जेवून हात धुऊन झालेलं असतं. पण डोळे आहेत ना मला! पुढची खुरं होडीसारखी पुढे वाढलेली, टाचा बसलेल्या, बिचारी सगळा तोल पाठीवर सावरत चाललेली… एकदा धीर करून म्हटलंच, "मामा, खुरं…" तर म्हणतो, "नाल झिजलीय का? नाही ना? मग कशाला काढायची?" आता नाल झिजली नाही म्हणून खूर वाढायचं थांबतं का? नखासारखं वाढतं ते!

आणि त्या दिवशी मामा म्हणाला, "रविवारी गिऱ्हाईक येतंय. पाठीतून गेलेली घोडी किती सांभाळायची?" ठमी जाणार? माझा हात हुंगल्याशिवाय चाऱ्याला तोंड न लावणारी ठमी?

ठरवलं. बोलता येत नाही ना? मग नाहीच बोलायचं! सकाळी मामाच्या दोन्ही बुटांत, पुढच्या अर्ध्या भागात, पुठ्ठ्याच्या घड्या कोंबल्या. बोटं वर, टाचा खाली. "बूट आवळलेत की काय?" म्हणत मामा गेला. दुपारी पोटऱ्या चोळत होता, संध्याकाळी कंबरेवर हात… "आई गं, मेलो!" मामी धावली. काय घेऊन? तेल! ठमीचंच! मामा पालथा, मामी चोळतेय, "जड उचललंत का काही?" "नाही गं!" "गादी बदलूया का?"

आणि माझ्या तोंडून एकदम, इतक्या मोठ्यांदा की मीच दचकले, "अहो, पाय बघा ना कुणीतरी!"

बूट निघाले. पुठ्ठे निघाले. मामाने पुठ्ठ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग खिडकीतून ठमीच्या पायांकडे… मला वाटलं, आता धपाटा! तर म्हणाला, "नालबंदाला बोलाव."

नालबंदकाकांनी नाल काढली, वाढलेलं खूर कापलं, कानस मारली. "एका दमात नाही हं व्हायचं, दर महिन्याला थोडं थोडं," म्हणाले. गिऱ्हाईक हात हलवत परत गेलं, आणि आता? आता खोगीर ठेवलं तरी ठमीबाई निवांत चारा चघळतात!

पण दर महिन्याला वाकून ते खूर धरून उभं कोण राहतं? मी! काल पाठ अशी धरली, अशी धरली, की सरळच होता येईना. "मामा, पाठ…" तर मामा झटकन खाली बसला, "बूट काढ! पाय बघू!"

अहो, या वेळी खरंच पाठच दुखतेय हो! पण… पाठ बघतंय कोण?