हार घातलेलं विमान

काकू, आणि इथं जमलेली सगळी मंडळी,

सभागृह भरलंय. मागं दारापाशीसुद्धा लोक उभे आहेत. अरविंदकाकांची माणसं लई, हे मला ठाऊक होतं. पण एवढे चेहरे एकदम समोर येतील असं वाटलं नव्हतं. भाषण करणं माझं काम नाही. मी बाळासाहेब, आपल्या पुंडलिकनगरातला मेडिकलवाला. तुमच्यातल्या निम्म्यांना मी गोळ्या दिल्यात. आज इथं यायच्या आधी वाटलं, आपणच एखादी घ्यावी.

माझ्याआधी सर बोलले. सरांनी जन्मभर मराठी शिकवलं, त्यांच्यामागून मी काय बोलणार. सर म्हणाले, काका गेले आणि त्यांच्या हातचं शेवटचं विमान आज सकाळी त्यांच्या मागोमाग गेलं. त्या विमानाला काकांशिवाय राहवलं नाही. हे ऐकलं आणि पुढच्या रांगेत पदर डोळ्यांना लागले. माझी मान मात्र खाली गेली. काही जणांनी पाहिली असेल.

सर, रागावू नका. तुमचा दोष नाही. तुम्हाला जे सांगितलं गेलं, त्यावर तुम्ही बोललात. आणि सांगणारा मीच. दुपारी तुमचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "काय झालं कळलंच नाय सर. उडालं आणि पडलं."

मंडळी, मला कळलं होतं. पडायच्या आधीच कळलं होतं.

ज्यांना काकांचं हे रिमोटवर उडणाऱ्या लाकडी विमानांचं वेड माहीत नाही, त्यांना आधी थोडं सांगतो. काका सिंचन खात्यात इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर एक दिवस दुकानात आले आणि सिरिंज मागितल्या. सुया नको म्हणाले. वर स्पिरिटची बाटली. मी विचारलं, "काका, घरात कोणाला इंजेक्शन चालू आहे का?" काका म्हणाले, "विमानाला." मी हसलो. काका हसले नाहीत. सिरिंज डिंकासाठी, म्हणाले. लाकडाच्या सांध्यात थेंब थेंब सोडायला. स्पिरिट तारांची टोकं पुसायला. मग म्हणाले, "उडवायला जागा पाहिजे. शहरात नाही उडवणार मी. एका बाजूला विमानतळ, एका बाजूला छावणी, आणि सगळीकडं खाली माणसं."

माझं गाव देवगाव रंगारी. तिथं आमचं एक रान पडीक आहे. मुरमाड, सपाट, जवळ वस्ती नाही. मी सहज बोलून गेलो. रविवारी काका मागच्या सीटवर पंख आडवे ठेवून हजर!

तेव्हापासून आम्ही तिघं. काका, मी, आणि डॉक्टर इम्रान. दातांचे डॉक्टर. ते बघा, शेवटच्या रांगेत बसलेत. पुढं या म्हटलं तर आले नाहीत. का आले नाहीत, तेही सांगतो.

काका शिकवायला कडक. रिमोट हातात द्यायच्या आधी त्यांनी मला कितीतरी रविवार नुसतं विमान जोडायला आणि उकलायला लावलं. प्रत्येक बिजागरी ओढून बघायची. रिमोटची दांडी डावीकडं केली तर तिकडं विमानाचं काय आणि कुठं हलतं, ते डोळ्यांनी बघायचं, गृहीत धरायचं नाही. विमानाच्या नाकावरच्या पंख्यासमोर कुणी उभं राहायचं नाही, अगदी बंद असला तरी. बॅटरी सगळ्यात शेवटी जोडायची आणि उतरल्यावर सगळ्यात आधी काढायची. ती बॅटरी चार्ज होत असली की काका तिथून हलायचे नाहीत. काकू कधीकधी कुरकुरायच्या, दूध उतू गेलं तरी उठत नाहीत, आणि त्या डबीपाशी मात्र बसून राहतात. खरंय ना काकू?

आणि रानात गेल्यावर पहिलं काम म्हणजे चुन्याची रेघ. रेघेच्या पलीकडं विमान, अलीकडं माणसं. एकदा माझा थोरला भाऊ, रानाचा मालक, कौतुकानं रेघ ओलांडून पुढं गेला. काकांनी विमान तसंच खाली उतरवलं आणि त्याला हात जोडले. म्हणाले, "पाटील, रान तुमचं आहे. पण रेघ माझी आहे." भाऊ मुकाट्यानं मागं आला. आमचा भाऊ असा कुणाचं ऐकणारा नाही.

शेवटची गोष्ट तोलाची. विमान सगळं जोडून झालं की पंखाखाली दोन बोटं, ठरलेल्या खुणेवर, आणि हळूच उचलायचं. सरळ राहिलं पाहिजे. नाक किंचित खाली झुकलं तरी चालेल. शेपटी झुकली तर नाही उडवायचं. शेपूट जड झालं की विमान नाक वर करतं, वेग मरतो, आणि मग रिमोट हातात असला काय आणि नसला काय.

हे मी तुम्हाला का सांगतोय? कारण हे मला येतं. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

गेलं वर्षभर काकांचा हात थरथरायला लागला होता. उडवणं त्यांनी बंद केलं. रिमोट माझ्या हातात द्यायचे आणि शेजारी उभे राहायचे. पण घरी शेवटचं विमान बांधत होते. पिवळ्या पंखांचं. सांधा चिकटवला की काकू कपड्यांचे चिमटे लावून द्यायच्या. ते पूर्ण झालं आणि त्याच आठवड्यात काका गेले. ते विमान उडालेलं त्यांनी पाहिलं नाही.

म्हणून आम्ही ठरवलं, शोकसभेच्या दिवशी सकाळी ते उडवायचं. काकूंच्या डोळ्यांदेखत. काकू कधीच रानात आल्या नव्हत्या. काकांनी कितीदा बोलावलं. आज पहिल्यांदा आल्या.

आता ऐका, आम्ही काय केलं.

मी पहाटे उठून गुलमंडीवर गेलो. झेंडूचा हार घेतला. बारका नको म्हटलं, काकांसाठी आहे, भरगच्च दे. फुलवाल्यानं त्यावर पाणी मारलं, लई ताजा राहील म्हणाला. ओलाचिंब हार.

रानात मी विमान जोडलं. काकांनी शिकवलं तसंच, एकही गोष्ट सोडली नाही. बिजागऱ्या ओढल्या. दांडी हलवून पाहिली. लांब जाऊन रिमोटचा सिग्नल पोचतो का पाहिलं. पंखाखाली बोटं घालून उचललं. मंडळी, काय सरळ राहिलं ते! डॉक्टरांनी आणि मी एकमेकांकडं बघितलं, आमचे डोळे भरून आले. थरथरत्या हातानं बांधलेलं विमान, आणि केसभर इकडं-तिकडं नाही.

आणि मग मी त्याला हार घातला.

आपल्यात घालतातच. नवी गाडी घेतली की घालतो. दसऱ्याला मशीनला घालतो. काकासुद्धा दसऱ्याला घरी विमानांची पूजा करायचे. हार, हळद-कुंकू, पेढे. डॉक्टर दर वर्षी घरच्यांना घेऊन यायचे, पेढ्याचा डबा रिकामा करूनच जायचे. पण काका उडवायला निघायच्या आधी आपल्या हातानं हार उतरवायचे. म्हणायचे, "पूजा झाली. आता त्याला त्याचं काम करू दे." मी हे दर वर्षी पाहिलंय. दर वर्षी!

पंखा पुढं असतो, त्यात फुलं अडकतील, एवढी अक्कल मला होती. म्हणून मी हार मागं नेला. शेपटीच्या जरा अलीकडं गुंडाळून दोऱ्यानं बांधला. दिसायला लई देखणं दिसत होतं. फोटो काढले आम्ही.

डॉक्टर माझ्या कानाशी आले. हळूच म्हणाले, "बाळूभाई, हार निकालो. वजन पूरा पीछे जारा."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "डॉक्टर, आज नको. आमच्यात घालतात. तुम्हाला नाय कळायचं."

मंडळी, हे बोलताना आत्ता माझे कान तापलेत. ज्या माणसानं दर रविवारी माझ्या डब्यातली भाकरी खाल्ली, आणि ज्याच्या डब्यातली मी खाल्ली, त्याला मी "आमच्यात" आणि "तुम्हाला" ऐकवलं. तेही वजनावरून. वजनाला काय जात असते का?  डॉक्टर दोन पावलं मागं सरले. आज ते शेवटच्या रांगेत का बसलेत, आता कळलं तुम्हाला.

एवढ्यावर भागलं नाही. काकूंना नीट दिसावं म्हणून मी खुर्ची आणली आणि चुन्याच्या रेघेच्या पुढं मांडली. पुढं! आज त्यांचा मान, म्हटलं. रेघ मीच मारली होती, आणि मीच ओलांडली.

विमान धावलं. उचललं. क्षणभर इतकं छान वाटलं, काकूंनी हात जोडले. मग नाक वर गेलं. नाक खाली यावं म्हणून मी दांडी दाबली. नाक आणखी वर. मी पूर्ण दाबली. विमान आभाळात उभंच राहिलं, शेपटीवर, आणि एका अंगावर कलंडलं. कुठं कलंडलं? काकूंच्या बाजूला.  काकूंच्या खुर्चीपासून हात-दोन हातांवर मुरमात आपटलं. एक फुटका तुकडा त्यांच्या पायाशी जाऊन पडला.

पहिले धावले ते डॉक्टर. आधी काकूंना बाजूला घेतलं. मग बॅटरी काढली, काकांनी शिकवलं होतं तशी. मग तुकडे उचलले. मी रिमोट हातात धरून तिथंच उभा होतो, ठोंब्यासारखा. डॉक्टरांनी एक तुकडा माझ्यासमोर धरला. "देखो बाळूभाई. लकडी टूटी. जोड एक बी नै टूटा." मी पाहिलं. खरंच. लाकूड मधूनच मोडलं होतं. काकांनी सिरिंजीनं डिंक सोडलेला एकेक सांधा जागच्या जागी होता. शेपटीकडं हार अजून तसाच गुंडाळलेला. डॉक्टरांनी तो दोरा सोडवून काढला आणि फुलं पायदळी यायला नकोत म्हणून बांधावरच्या लिंबाच्या खोडापाशी नेऊन ठेवली. त्याच हातांनी, ज्यांना मी आमचं कळत नाही म्हणालो होतो.

येताना काकू माझ्या गाडीत होत्या. दौलताबाद सोडलं, पडेगाव आलं. मग विचारलं, "बाळासाहेब, खरं सांगा. यांचा हात थरथरायचा हो. काही चुकलं असेल का त्यांच्याकडून? काही राहून गेलं असेल?"

मंडळी, ही बाई चाळीसएक वर्षं त्यांच्याबरोबर राहिली. आणि आज तिच्या मनात हे आलं, की आपल्या माणसाच्या शेवटच्या कामात खोट होती. मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी काय बोललो? "वारा होता, काकू." वारा! पानसुद्धा हलत नव्हतं. काकूंनी मान हलवली. त्यांना पटलं नाही, हे मला आरशात दिसलं.

मग सरांचा फोन आला, सरांनाही तसंच गुंडाळलं. आणि आत्ता सर इतकं सुंदर बोलले, की मी गप्प बसलो असतो तर ते तसंच राहिलं असतं. तुम्ही घरी जाऊन सांगितलं असतं, विमानानं जीव दिला. ऐकायला बरं वाटतं, नाही? काकांना अजिबात आवडलं नसतं. विमान पडलं की काका कधी नशीब म्हणायचे नाहीत, वारा म्हणायचे नाहीत. खाली बसायचे, तुकडे गोळा करायचे आणि विचारायचे, "आपण काय केलं?"

आपण काय केलं? मी हार घातला, काका. सांगणाऱ्याला गप्प केलं. काकूंना रेघेच्या पुढं बसवलं. हे सगळं मान द्यायला केलं, आणि तुमचं एक म्हणणंही ऐकलं नाही. मला लाज वाटते. दुसरा शब्द नाही माझ्याकडं.

डॉक्टर, मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो. एकट्यात मागितली असती तर मी स्वस्तात सुटलो असतो. तुम्ही लगेच हात वर करून "जाने दो" म्हणू नका. थोडं राहू द्या माझ्यावर.

सर, तुमचीही मागतो.

आणि काकू. मी पुन्हा सांगतो, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो. त्या विमानात खोट नव्हती. सकाळी मी ते दोन बोटांवर उचललं होतं, आणि ते जसं राहायला पाहिजे तसं राहिलं होतं. काकांचा हात थरथरत होता, काम थरथरलं नाही. तुम्ही लावलेले चिमटेसुद्धा बरोबर जागी लागले होते. ते विमान उडण्यासारखं होतं, काकू. मी त्याला उडू दिलं नाही.

आता दोन मिनिटं शांतता पाळू. मंडळी, उभे राहा.

काकू, तुम्ही नका उठू. तुम्ही बसा. उभं आम्ही राहायचंय.