तिसऱ्या खुर्चीवरचा माणूस

वहिनी: ...आणि एवढं सगळं ऐकून घेतलं, पण एकदाही आवाज चढवला नाही हो त्याने! नाहीतर मागच्या वेळची ती पोरगी. मी तोंड उघडायच्या आत "होल्ड करा" म्हणाली आणि गाणं लावून मोकळी झाली.

दादा: मशीनचं काय ठरलं ते सांग ना. त्या फोनवाल्याचे पोवाडे काय गातेस?

वहिनी: उद्या मेकॅनिक पाठवतो म्हणाला. पण बोलणं काय बाई! "ताई, तुमचं अगदी बरोबर आहे. वॉशिंग मशीन बंद म्हणजे अर्धं घर बंद." एवढी वर्षं या घरात राबतेय, कोणाला सुचलं का असं म्हणायला?

दादा: त्याला पगार मिळतो तसं बोलायचा.

वहिनी: पगार तुम्हालाही मिळतो. तुमच्या ऑफिसच्या खिडकीवर येणाऱ्या माणसांशी बोलता का कधी असं? ...हं, आले! आले आमचे राजेश्री. सकाळी "जरा जाऊन येतो" म्हणून गेले, ते दिवे लागल्यावर उगवले. भाऊजी, आईंना उठवून बसवता बसवता माझी कंबर गेली, माहीत आहे?

बारक्या: सांगून गेलो होतो, वहिनी. उशीर होईल म्हणून.

दादा: तुला उशीर व्हायला काय झालं? तू काय मंत्री आहेस? चाळिशी उलटली, बारक्या. छापखान्याला टाळं लागलं त्याला किती काळ लोटला ते आता मोजायचंही सोडलंय मी. काम नाही ते नाही, वर काल मशीनही मोडून ठेवलंस.

बारक्या: मशीन मी नाही मोडलं.

दादा: मग काय, मशीनने जीव दिला?

वहिनी: जाऊ द्या हो. कबूल करायलाही धमक लागते. त्या फोनवरच्या माणसाकडून शिका जरा, भाऊजी. आवाजावरून तुमच्याच वयाचा वाटला. दिवसभर लोकांची बोलणी ऐकत असेल बिचारा, पण स्वतःच्या कष्टाचं खातो. नाहीतर काही काही माणसं.

बारक्या: मला नोकरी लागली.

वहिनी: काय लागली?

बारक्या: नोकरी.

दादा: कुठे?

बारक्या: बाजाराच्या मागे दुरुस्ती केंद्र आहे ना, मिक्सर, फ्रिज, मशीनचं. तिथे फोन घ्यायचे.

दादा: कसले फोन?

बारक्या: तक्रारींचे.

दादा: म्हणजे शिव्या खायच्या. वा! अरे, छापखान्यात तुझ्या हाताखाली माणसं होती. शाई बोटाला लावून तू सांगायचास, तिच्यात पाणी कमी आहे की जास्त. तुझं नाव निघायचं. आणि आता कानाला भोंगा लावून "ताई, ताई" करणार? आमच्या ऑफिसात कोणी विचारलं, भाऊ काय करतो, तर काय सांगू मी?

बारक्या: आतापर्यंत काय सांगायचास?

दादा: ...सल्लागार आहे म्हणायचो. घरूनच काम करतो म्हणून.

बारक्या: मग तेच चालू ठेव. त्यात निदान पगारवाढ तरी दे मला.

वहिनी: थांबा, थांबा. बाजारामागचं केंद्र? म्हणजे मी फोन केला तेच की!

बारक्या: तेच.

वहिनी: अगं बाई! मग तो माणूस तुमच्याच शेजारी बसत असेल. काय बरं नाव सांगितलं त्याने...

बारक्या: नाव खरं नसतं. लोक पत्ता काढून घरी भांडायला येतात, म्हणून तिथे खुर्चीलाच नाव दिलेलं असतं. जो बसेल त्याने तेच सांगायचं.

वहिनी: असू दे, नावाशी काय करायचंय. भेटला तर सांगा, एक ताई तुमची फार तारीफ करत होत्या. आणि त्याच्या हाताखाली राहून चार गोष्टी शिकून घ्या. माणसाशी बोलावं कसं, ते तुम्हाला कधी जमलंच नाही.

बारक्या: तिथे तीनच खुर्च्या आहेत, वहिनी. दोहोंवर बायका बसतात. तिसरी कालपर्यंत रिकामी होती.

दादा: काय गं? चेहरा का असा झाला?

वहिनी: काही नाही. आईंनी हाक मारली का बघते.

दादा: आई झोपलीय. थांब. म्हणजे... अरे, हिच्याशी बोलत होतास तो तू? हाहाहा! अगं, मघापासून तू याचीच आरती ओवाळत होतीस! एका छपराखाली राहता आणि आवाज ओळखला नाहीस?

वहिनी: कसा ओळखणार? घरात बोलतात का हे? "हो." "आणतो." "ठेवलंय." झालं, संपलं. आणि तिथे कसं सावकाश, गोड, एकेक वाक्य पूर्ण करून बोलत होते. मला काय स्वप्न पडणार होतं?

बारक्या: घरात मला "आणलंस का" आणि "ठेवलंस का" एवढंच विचारतात. त्याला पूर्ण वाक्य कशाला लागतं?

दादा: आणि तू हिला ओळखलंस?

बारक्या: पहिल्या हॅलोलाच.

वहिनी: मग सांगायचं नाही का, वहिनी, मी बोलतोय म्हणून? किती विश्वासाने बोलत होते मी!

बारक्या: माझी परीक्षा चालू होती. तिथल्या मुख्य बाई शेजारी बसून ऐकत होत्या. ओळखीचं गिऱ्हाईक निघालं म्हटलं असतं, तर तो फोन काढून घेतला असता. पुन्हा कधी बोलावलं असतं कोणास ठाऊक. इतक्या दिवसांनी कोणीतरी आत बसवलं होतं, मला उठायचं नव्हतं.

दादा: मग काय काय बोलली ही? आम्हालाही कळू दे.

वहिनी: अहो, काय बोलणार? मशीन फिरत नाही म्हटलं, दुसरं काय?

बारक्या: गिऱ्हाइकाचं बोलणं बाहेर सांगायचं नसतं.

दादा: बाहेर? मी नवरा आहे तिचा!

बारक्या: नवराही बाहेरचाच धरतात.

वहिनी: बघा! नियमच आहे त्यांचा तसा.

बारक्या: माझ्याबद्दल बोलल्या तेवढं सांगतो. ते माझं आहे. घरात एक दीर बसून आहे म्हणाल्या. खायला काळ आणि भुईला भार. पलंगाला त्याच्या मापाचा खड्डा पडलाय. स्वतःचं बनियन वाळत घालायची अक्कल नाही. त्यानेच मशीनची वाट लावली असणार.

वहिनी: असं नव्हते हो म्हणाले मी... म्हणजे, अशा शब्दांत नाही.

बारक्या: याच शब्दांत.

दादा: मग तू काय म्हणालास?

बारक्या: "ताई, तुमचं अगदी बरोबर आहे. घरोघरी असा एखादा असतोच."

दादा: आणि जीभ झडली नाही तुझी?

बारक्या: तीच पद्धत आहे कामाची. माणूस तापलेला असला की आधी सगळं मान्य करून टाकायचं, मग मशीनचं विचारायचं. आज सकाळी माझ्या आधी एकाला परीक्षेला बसवलं होतं. गळ्यात टाय, तोंडात इंग्रजी. पहिल्याच बाईला म्हणाला, "मॅडम, चूक तुमची आहे." टाय सोडवत घरी गेला.

वहिनी: अहो भाऊजी, रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो. मनात थोडंच असतं?

बारक्या: मुख्य बाई वेगळं म्हणाल्या. त्या म्हणाल्या, लोक घरी बोलू शकत नाहीत ते इथे बोलतात. मग मलाच विचारलं, "त्या बाई दिराला एवढं धुऊन काढत होत्या, तुम्हाला त्या माणसाची बाजू घ्यावीशी नाही वाटली?" मी म्हटलं, नाही. "एवढा थंडपणा कुठे शिकलात?" म्हटलं, घरी सराव आहे. हसल्या आणि म्हणाल्या, उद्यापासून या.

दादा: म्हणजे आमची अब्रू परक्या बाईपुढे टांगून नोकरी मिळवलीस!

बारक्या: नाव नाही घेतलं तुमचं. आणि खरं म्हणजे आभारच मानायला हवेत. एवढी वर्षं शिकवणी दिलीत, तीही घरबसल्या.

दादा: टोमणे मारू नकोस. एक लक्षात घे, उद्या तू तिथे जायचं नाहीस. आमच्या साहेबांच्या मेहुण्याचं मोठं गोदाम होतंय, तिथे तुझ्यासाठी शब्द टाकलाय मी. जरा धीर धर.

बारक्या: तो मेहुणा मला भेटला होता, दादा.

दादा: कधी?

बारक्या: मागच्या उन्हाळ्यात. मीच गेलो होतो. म्हणाला, गोदाम वगैरे काही नाही, आणि तुमचे दादा कोण, ते आठवत नाही.

दादा: ...तो तसाच आहे. विसरभोळा.

बारक्या: असेल. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नव्हतो. आज बोललो.

दादा: गोदामाचं सोड. आईकडे कोण बघणार? तिला उठवणं, बसवणं, भरवणं, औषधं? मी ऑफिस सोडू? हिची कंबर एका दिवसात गेली!

बारक्या: आत्ता खरं बोललास. मघापासून नाव माझं, अब्रू घराची, आणि मुद्दा हा.

दादा: मग? चुकीचा आहे का मुद्दा? पगारी बाई ठेवून परकीच्या हाती आई सोपवायची?

बारक्या: परकी नको तर आपला माणूस बसव. आई तुझीही आहे असं ऐकलंय मी.

दादा: बारक्या! माझ्या घरात राहून मला अक्कल शिकवतोस? जायचंच असेल तर सामान घेऊन जा. मग बघू तुझे लाड कोण करतं!

वहिनी: अहो, जाऊ द्या ना त्यांना.

दादा: काय?

वहिनी: कामाला. कामाला जाऊ द्या. एवढ्या दिवसांनी लागलंय. आईंचं मी बघेन, शेजारच्या काकूंना विचारेन. होईल काहीतरी.

दादा: तुला काय झालं? मघापर्यंत भुईला भार होता, आता एकदम गळ्यातला ताईत?

वहिनी: माणसाने बदलू नये का? ते काही नाही. जाऊ द्या.

दादा: ठीक आहे. तुम्हा दोघांचं ठरलंच असेल तर मी कोण? पण माझंही एक तत्त्व आहे. मशीन मोडलं ते त्याने माझ्यासमोर कबूल करायचं, हिची माफी मागायची, आणि मग खुशाल जायचं. एवढं तरी करशील की नाही?

वहिनी: अहो, आता ते कशाला उकरता...

दादा: तू मध्ये बोलू नकोस. बोल रे.

बारक्या: दादा, तुमचं अगदी बरोबर आहे.

दादा: हं. आता कसं... तुमचं? अहोजाहो कधीपासून करायला लागलास मला?

बारक्या: तुमचा त्रास मी समजू शकतो. मशीन बंद पडलं की घरातल्या कर्त्या माणसाला किती मनस्ताप होतो, याची आम्हाला पूर्ण कल्पना आहे.

दादा: ए! माझ्याशी हे फोनवालं बोलायचं नाही!

बारक्या: आपली नाराजी रास्त आहे. ती मी वरपर्यंत पोहोचवतो.

दादा: बारक्या, कानाखाली आवाज काढीन!

बारक्या: आणखी काही मदत हवी आहे का?

दादा: हे बघ, हे बघ कसा बोलतोय सख्ख्या भावाशी! मी काय गिऱ्हाईक आहे? ...आता हा कोणाचा फोन? साहेबांचा! थांबा, येतो मी, संपलेलं नाही हे. हॅलो, हॅलो सर! नाही नाही सर, काही काम नव्हतं, मोकळाच होतो. तुमचं अगदी बरोबर आहे, सर...

(दादा फोन घेऊन आतल्या खोलीत जातो आणि दार लावून घेतो.)

वहिनी: भाऊजी.

बारक्या: बोला.

वहिनी: पायपुसण्याचं बोलला नाहीत तुम्ही.

बारक्या: नाही.

वहिनी: मी सांगणारच होते त्यांना. पण ते असे अंगावर धावून येतात. रबराचं पायपुसणं मशीनमध्ये कोण घालतं, तुला डोकं आहे का, माहेरी हेच शिकवलं का... ते सुरू झालं की दोन दोन दिवस चालतं. तुमचं नाव घेतलं की तुम्ही उलटून बोलत नाही. मग लवकर मिटतं.

बारक्या: माहीत आहे मला.

वहिनी: माहीत होतं तर बोलला का नाहीत इतके दिवस?

बारक्या: फुकट जेवणाऱ्याने खरंखोटं करू नये, असं वाटायचं. पण आज गंमत वाटली. आम्हाला घरात वर्षानुवर्षं जे ऐकायला मिळालं नाही, ते तुम्ही, अनोळखी माणसाने मशीनमध्ये काय घातलं विचारल्याबरोबर, दिराचं नाव सोडून सांगून टाकलंत. "मीच घातलं हो भाऊ, घरात कळू देऊ नका."

वहिनी: राग आलाय ना माझा?

बारक्या: राग नाही. आधी यायचा. आज फोन ठेवला आणि कीव आली. तुमची, दादाची. माझीही थोडी. एवढ्याशा पायपुसण्याला घाबरणारी माणसं आपण, आणि मी या घरात मान खाली घालून बसलो.

वहिनी: असं तोडून नका बोलू. मी काही सगळंच वाईट बोलले नाही. शेवटी विचारलं होतं की तुम्हाला. एवढा वेळ बोलताय भाऊ, जेवलात का म्हणून. आठवतं ना?

बारक्या: आठवतं. पण ते मला नाही, वहिनी. त्या माणसाला विचारलंत.

वहिनी: ...उद्यापासून डबा देत जाईन मी. किती वाजता निघणार?

बारक्या: डबा नको. केंद्राच्या खाली खानावळ आहे.