भिंत की दगड?

वहिनी, आणि इथं जमलेल्या मंडळींनो,

आयुष्यभर वर्गात बोललो, पण आज पहिलं वाक्यच सुचत नाहीये. पानसे सर असते तर म्हणाले असते, "अहो, तुम्हाला तीनशे वर्षांपलीकडचं कधी काही सुचलंय का?"

आम्ही एकाच शाळेत. मी इतिहास शिकवायचो, ते भूगोल. त्यांचा जीव मात्र सगळा दगडांत. निवृत्तीनंतरही दर हिवाळ्यात आम्ही दोघं शाळेच्या मुलांना शनिवारवाड्याच्या तटापाशी न्यायचो. मी घसा ताणून पेशवाई सांगायचो. ते मागे गप्प उभे. मग पुढं यायचे, पायथ्याच्या काळ्या दगडावर हात ठेवायचे. "मुलांनो, हे किती जुनं?" मुलं ओरडायची, "पेशव्यांच्या काळातलं!" आणि पानसे शांतपणे विचारायचे, "भिंत की दगड?"

संपली माझी पेशवाई! दगड निघायचा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा.

परतताना बुधवार पेठेत चहा, आणि चहाबरोबर भांडण. एकदा मी विचारलं, "एवढ्या काळाचे भाग पाडता कसे? सारखे?"

"अहो, काळ म्हणजे काय खोबऱ्याची वडी आहे, सारखी कापायला? महाकल्प, त्यात कल्प, त्यात युगं. कुठलं लांबलचक, कुठलं एवढंसं. खडकांचे थर वाचायचे. जुने जीव दिसेनासे होतात, नवे दिसू लागतात, तिथं रेघ मारायची. डायनासोर गेले, मध्यजीव महाकल्प संपला, नवजीव सुरू झाला. आपला दगड त्याच सुमाराचा. तुमची पेशवाई अजून गरम आहे हो, जरा थिजू द्या!"

काय हसलो होतो आम्ही! कुठं गेले हो ते दिवस?

गेल्या महिन्यात दवाखान्यात भेटलो. त्यांना बोलवत नव्हतं. तरी म्हणाले, "यंदा माझा भाग तुम्ही सांगा."

मी म्हटलं, "मला नाही जमायचं."

"जमेल. हात ठेवा आणि विचारा."

परवा मुलं आली. पेशवाई सांगून झाली आणि सवयीनं मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मंडळी, मला रडू आवरेना. मुलं बघत राहिली. मग पुढं झालो, दगडावर हात ठेवला आणि विचारलं, "भिंत की दगड?"

एक मुलगी म्हणाली, "सर, दगड म्हणजे किती जुना?"

आणि मी सांगत गेलो.

आता श्रद्धांजलीसाठी उभे राहू या. घड्याळ पाहू नका, पानशांना मिनिटांचं कधी कौतुक नव्हतं. वहिनी बसतील तेव्हा आपण बसू.

पानसे सर, नमस्कार.