दुकान वाढवलं म्हणजे

— नाय काढणार! एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. आसनगावपर्यंत आलात तर चहा घ्या, पण जिच्यात तुमचं सॉफ्टवेअर नापास झालेलं दिसतं ती लाल परीक्षा मी माझ्या साइटवरनं काढणार नाय, अनिकेतभाऊ, वकील पाठवला तुमच्या कंपनीनं, तरी नाय. गुपचूप दुरुस्त करून देता? कोणासाठी गुपचूप? ते आत भिंतीकडं तोंड करून पडलेत ते माझे बाबा — सोसायटीच्या रेशन दुकानावर उभी हयात गेली त्यांची. उद्या शहापूरला चौकशी कमिटीपुढं उभे राहणारेत, तांदूळ चोरला म्हणून. चोरला! तुमच्या कॉम्प्युटरात पोत्यांची थप्पी आणि गोदामात उंदीर पण फिरकत नाय — मग चोर कोण ठरणार? दुकानावरचा माणूसच ना?

नीट ऐका आता, तुमाला कोणी सांगितलं नसणार. ‘विचार’ आमी बनवला — मी आणि महेंद्रनं, ह्याच खोलीत. फुकट, सगळ्यांना उघडा, ओपन सोर्स. घ्या, बदला, विका — त्याबद्दल माझं भांडण नाय. काम काय त्याचं? गिऱ्हाइकानं आपल्या बोलीत लिहायचं, सॉफ्टवेअरनं काय केलं पायजे ते. ‘विचार’ ते चालवून बघणार — जमलं तर हिरवा, नाय तर लाल, आणि हिरवं झाल्याबिगर सॉफ्टवेअर ताब्यात घ्यायचं नाय. आणि शब्दच कळला नाय तर? तर थांबायचं आणि विचारायचं. म्हणून तर ते नाव! पहिलं वाक्य बाबांनीच लिहिलेलं — ‘दुकान वाढवलं की उरलेला तांदूळ मोजून धर.’ थांबला ना तो. ‘वाढवलं म्हणजे काय?’ बाबा असे हसले — अगो, दुकान बंद केलं असं कोण बोलतं काय? वाढवलं म्हणायचं, एवढं पण येत नाय तुझ्या यंत्राला? महेंद्र पण हसला, इथंच बसून, बाबांच्या ताटातला बोंबील खात. त्याला ठाऊक होतं!

आणि तुमच्या कंपनीत नोकरीला गेल्यावर, बाबांच्या दुकानाचं सॉफ्टवेअर करताना त्यानं काय केलं? ‘विचार’मधला तो प्रश्नच काढून टाकला. का — तर गिऱ्हाइकाचा टाइम जातो, डेमोत बरं दिसत नाय. विचारायचं नाय, अंदाज करायचा. केला अंदाज! वाढवलं म्हणजे साठा वाढवला — संध्याकाळी बाबा कुलूप लावणार आणि कॉम्प्युटर उरलेल्या तांदळात तेवढाच आणखी घालणार. रोज! सॉफ्टवेअरचा अंदाज तोच, परीक्षेचा अंदाज तोच — एका ताटात जेवणारे, एकमेकांना नापास कशाला करतील? सगळं हिरवंगार. माझ्या जुन्या ‘विचार’वर, वाढवलं म्हणजे बंद केलं असं सांगून चालवलं, तर लाल! साठा भरलेला दिसतो म्हणून वरनं नवा माल बंद. खर्डीकडच्या पाड्यावरनं चालत आलेली रखमी, रिकामी पिशवी हातात, बाबांना बोलली — दादा, तुमीपण? बास. त्या दिवसापासनं हा माणूस धड जेवला नाय. आणि तुमी आता तेच मुरबाडच्या दुकानांत बसवताय. लाज वाटते काय?

काय? नोकरी? मला? महेंद्रनं सांगितलं द्यायला? — स्वतः का नाय आला तो? कल्याणला तर राहतो, इथनं असं किती लांब आहे? बाबांना तोंड दाखवायची हिंमत नाय म्हणा. वस्तीत पोरंटोरं जावईबापू म्हणायची त्याला, बाबांनी विहारात सगळ्यांना आमच्या लग्नाचं तोंडी आवतण दिलेलं — लग्न झालं काय हो त्याचं? नाय, नका सांगू. मला काय करायचंय. मी फक्त परीक्षेचं बोलते. परीक्षा राहणार. उद्या कमिटीपुढं सगळ्यांदेखत चालवणार, आणि लाल झाली की बाबांना पुढं उभं करून विचारणार — आता बोला, चोर कोण?

उठा. चहा राहू द्या, थंड झाला तो. चपला तिकडं आहेत.

काय म्हणालात? येतो? — येतो नाय, जातो म्हणा. येतो म्हणून तोपण गेलेला.