जुम्म्याचा सुरमा

एकोणनव्वद साली भिवंडीतल्या गुरांच्या दवाखान्यात माझ्या कुत्र्याला घेऊन बसलो होतो. शेजारी कोनगावची एक आक्का शेळी धरून बसलेली, आणि तिच्यापलीकडं मांडीवर सुताच्या कांड्यांचं रिकामं खोकं घेतलेले एक म्हातारे चाचा.

"चाचा, खोक्यात ससा हाय काय?" आक्कानं विचारलं.

"न्हाय, गिनीपिग. नात जैनबनं पाळलाय. डोळा सुजलाय त्याचा. पोरगी दुपारी जेवली पण न्हाय."

"गवताची काडी घुसली आसंल."

"गेल्या जुम्म्याला उजवा डोळा सुजला, तवा मी पण तेच बोललो. सगळं गवत फेकून दिलं. तरी आज जुम्म्याला डावा सुजलाच!"

"जुम्म्यालाच कसा सुजतो ओ?"

"तेच तर समजत न्हाय. उलट जुम्म्याला मी त्याची जास्त काळजी घेतो. नमाजला जायच्या आधी घरातल्या सगळ्या पोरांना सुरमा घालतो ना, तर जैनब बोलली, दादाजी, याला पण घाला."

"याच्या डोळ्यात सळई घालता?"

"चांदीची हाय, माझ्या अब्बांची. आणि माझा हात बघा, चाळीस वरसं लूमवर तुटलेले धागे जोडलेत."

"हाताचं न्हाय ओ. तुमची नजर कशी हाय?"

"एकदम फस्क्लास! हे बघा, तुम्हीच बघा." चाचांनी जनावर उचलून आक्काच्या तोंडासमोर धरलं आणि बोट दाखवलं. "हा डोळा. किती सुजलाय बिचारा!"

आक्कानं वाकून बघितलं.

"चाचा, जरा फिरवून धरा. त्याचं तोंड तुमच्याकडं हाय."