विहिरीतल्या भुताची तपासणी

भुतं शोधणाऱ्या लोकांले हसू नका बाप्पा. मी आज तुमच्यासोबत चहा पिऊन राहिलो, तो त्यांच्याचमुळं.

ऐंशीच्या आधीची गोष्ट. हरवलेली बकरी शोधता शोधता मी करडीच्या बाहेरच्या कोरड्या विहिरीत पडलो. विहिरीत भूत आहे, असं सारं गाव म्हणे. त्यामुळं मी जेवढा ओरडू, तेवढा रस्त्यानं जाणारा जोरात पळे.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी अड्याळचं भूत-तपास मंडळ सायकलींवर आलं. मंडळाचे म्होरके दामूभाऊ टेलर. त्यांनी वरून विचारलं, "कोण होय बे तू?"

"माणूस होय जी. मले वर काढा."

"सगळीच भुतं असं म्हणतात. पाय दाखव."

मी पाय वर केला. पडताना घोटा असा फिरला होता, की पाऊल उलटंच दिसे. बाकीच्या मंडळानं तिथूनच सायकली वळवल्या.

दामूभाऊ एकटे थांबले. त्यांनी आपला जेवणाचा डबा दोरीनं खाली सोडला. "भुताले मीठ चालत नाही. खाऊन दाखव."

मी कालपासून उपाशी. अर्धी वांग्याची भाजी संपवली अन् म्हटलं, "भाऊ, मीठ कमी आहे."

दामूभाऊ मागं वळून ओरडले, "या रे परत, माणूसच होय."

आजही दर दिवाळीले मी त्यांच्या घरी जेवाले जातो. वहिनीच्या भाजीत मीठ अजूनही कमीच असते. पण मी पुन्हा कधी सांगितलं नाही.