दांडा की ट्रेलर

क्वार्टझसाइटला मोटरहोमच्या सामानाच्या दुकानात माझ्यापुढे रांगेत एक म्हातारं जोडपं होतं, डेलबर्ट आणि वर्ना. आपल्या मोटरहोममागे, म्हणजे त्या चाकांवरच्या घरामागे, छोटी गाडी कशी न्यायची यावर त्यांचं चाललं होतं.

"ट्रेलरच घेऊ, वर्ना. गाडी वर चढवायची, पट्टे आवळायचे, झालं."

"आणि उतरवायला?"

"अर्धा तास. आपल्याला कसली घाई?"

"मला ओढायचा दांडाच हवा, डेल. गाडी स्वतःच्याच चाकांवर मागून येईल. दोन पिना काढल्या की सुटी."

"घाटात दांडा तुटला म्हणजे?"

"गाडी धरून ठेवायला साखळ्या असतात."

"चाळीस वर्षं ट्रक चालवलाय मी. मला शिकवतेस?"

"परवा फ्लॅगस्टाफच्या उतारावर मी तुला तीनदा हाक मारली."

"डुलकी लागली असेल."

"डोळे उघडे ठेवून? हात स्टिअरिंगवर होते आणि तू नव्हतास, डेल."

"हळू बोल. लोक ऐकताहेत."

"ऐकू देत. हे मोटरहोमचं धूड मला वळवता येत नाही. पुन्हा तसं झालं तर तुला दवाखान्यात कशातून नेऊ? पट्टे सोडत बसू?"

काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "काय देऊ?"

"दांडा," डेलबर्ट म्हणाला. "आणि पिना कशा काढायच्या, ते हिला दाखवा. मला नको."